पंढरपूरची वाट आणि पुढच्या चाकाचा टायर



पंढरपूरकडे चार दिवस राहून आलो असे सांगितले की आपल्या वस्तीतल्या मंडळींच्या भुवया वर जातात. बौद्ध माणसाचे पंढरपुरात काय काम? आम्हांलाही दोघा-तिघांनी हे विचारले. काम साधेच होते. आमची धाकटी बहीण तिकडे दिलेली आहे. पंढरपुरातून मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागले की गोपाळपूर लागते. त्याच्या थोडे पुढे, शहरापासून सहा किलोमीटरवर तिचे गाव. कार्तिकीची गर्दी ओसरली की या, असे ती दोन वर्षांपासून म्हणत होती. या हिवाळ्यात आम्ही उभयता गेलो.

तसे पाहिले तर पंढरपूर आपल्याला परके नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना झाली, तेव्हा पंढरपूरचे दैवत म्हणजे मुळात बुद्धच होय, असे मत परमपूज्य बाबासाहेबांनी मांडले होते आणि त्यावर लिहिण्याचा मनोदयही बोलून दाखवला होता. ते लिखाण राहून गेले. त्याआधी १९३७ सालच्या अखेरीस सोलापूर जिल्ह्यातल्या आपल्या लोकांच्या परिषदेसाठी ते स्वतः पंढरपुरात आले होते. माता रमाईला पंढरपूरला जायची किती ओढ होती आणि जिथे दारापासून लांब उभे राहावे लागते तिथे जाण्यापेक्षा आपण आपले दुसरे पंढरपूर उभारू, अशा अर्थाचे साहेबांनी काय सांगितले, हे तर आपल्या घराघरातल्या आयाबायांना ठाऊक आहे.

पण आज सांगायचे आहे ते वेगळेच. आज सांगायचे आहे ते एका सायकलच्या टायरविषयी. पंढरपूर आम्ही या खेपेस पाहिले ते एका सायकल दुकानाच्या बाकड्यावर बसून.

आम्ही गेलो कुर्डुवाडीमार्गे. पूर्वी कुर्डुवाडीला उतरून बार्शी लाईटच्या लहान गाडीत बसावे लागे. ती अरुंद रुळांची गाडी १९०६ साली पंढरपूरपर्यंत आली आणि पुढे शंभरेक वर्षे वारकऱ्यांना, बाजारकऱ्यांना आणि आमच्यासारख्या पाहुण्यारावळ्यांना वाहत राहिली. आता रूळ रुंद झाले आहेत, डबे मोठे झाले आहेत. दारात लोंबकळत उभे राहण्याची आपली सवय मात्र तशीच आहे.

आम्ही पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी भाची शाळेतून आली ती सायकल हाताने ढकलत. नववीत आहे. पंढरपुरातल्या हायस्कुलात जाते. सकाळचा जादा तास असतो, त्या वेळेला सायकलच सोयीची म्हणून दोन वर्षांपूर्वी तिच्या बापाने जुनी लेडीज सायकल घेऊन दिली. चौथीतला धाकटा भाऊ मागे कॅरिअरवर बसतो, त्याला ती वाटेत त्याच्या शाळेपाशी सोडते. उसाच्या ट्रॉलीने दाबले म्हणून पोरीने सायकल डांबरावरून खाली खडीत उतरवली आणि तिथे कुठला तरी पत्र्याचा तुकडा होता. पुढचा टायर चिरला. जमिनीला टेकतो तो भाग नव्हे, त्याच्या बाजूची कड. बोटाच्या पेराएवढी लांब चीर. त्यातून ट्यूब फुग्यासारखी बाहेर येऊ लागली तेव्हा पोरीने एक शहाणपणा केला. व्हॉल्व्ह सैल करून सगळी हवा सोडून दिली आणि पाच किलोमीटर चालत आली. ट्यूब वाचली ती त्यामुळे.

रात्री भाकरी खाताना चर्चा झाली. दाजींचे म्हणणे असे, "पाहुणं, आतनं गेटर टाकला की भागतंय बघा. आमच्या बापानं एका टायरवर आठ वर्षं काढली." बहिणीचे म्हणणे, मागचाही टायर गोटा झालाय, टाकायचे तर दोन्ही टाकावेत, पण दोन टायर दोन ट्यूब म्हणजे हजाराच्या घरात जाते, आणि मजुरीचे पैसे हाती येणार शनिवारी. ती द्राक्षबागेत कामाला जाते. भाची काहीच बोलली नाही. शुक्रवारी आणि शनिवारी ती धाकट्याला घेऊन पहाटे चालत निघाली. सहा किलोमीटर जायचे, सहा यायचे. शनिवारी परत आली ती जेवायची थांबली नाही, आडवी झाली.

एक टायर तो केवढा आणि त्याची चर्चा ती केवढी, असे शहरातल्या वाचकांना वाटेल. ज्यांच्या घरी एकच सायकल आहे त्यांना तसे वाटणार नाही. ती बंद पडली की कुणाची तरी शाळा किंवा कुणाची तरी हजेरी बुडते.

रविवारी सकाळी आम्ही, भाची आणि सायकल असे पायी निघालो. आमची ही घरी बहिणीपाशी थांबली. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूला ऊस. उजनीच्या पाण्याने हा मुलूख बदलला आहे. पूर्वी इथून मंगळवेढ्यापर्यंत काळ्या रानात ज्वारीच ज्वारी दिसे. मंगळवेढ्याची मालदांडी अजून नावाजलेली आहे, पण रस्त्यावर राज्य उसाचे. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर रचलेला ऊस बाहेर हातभर आलेला, आणि चालकाच्या टपावर गाणी चाललेली. असा ट्रॅक्टर मागून आला की सायकलवाल्याने खाली उतरायचे, हा इथला अलिखित कायदा. पोरीला हे सगळे पाठ आहे. आवाजावरून ती सांगते, "मामा, भरलेला आहे, खाली या," किंवा "रिकामा आहे, चालू द्या."

वाटेत तिने आम्हांला काटेही दाखवले. या भागातला सायकलचा रोजचा वैरी म्हणजे बाभळीचा काटा. बांधाला कुंपण घालायला काट्या ओढून नेतात, त्यातल्या चार-दोन रस्त्यावर सांडतात. गावठी बाभळीचा काटा पांढरा, लांब, दिसतो तरी. वेडी बाभूळ जिकडेतिकडे माजली आहे, तिचा काटा धुळीत दिसतही नाही. आणि तिसरा सराटा, जमिनीलगत पसरतो, कसाही पडला तरी एक टोक वर. अनवाणी चालणाऱ्याला हे सांगायला नको. गोपाळपूर आले. टेकाडावरचे देऊळ, रस्त्याने मोटारसायकलवरून जाणारी अभियांत्रिकी महाविद्यालयाची पोरे. भाची त्या पोरांकडे नव्हे, महाविद्यालयाच्या फाटकाकडे पाहत होती. आम्ही काही विचारले नाही.

पंढरपुरात शिरताना डावी-उजवी दुकाने: बुक्का, तुळशीच्या माळा, चुरमुरे, घोंगड्या. पहिले सायकलचे दुकान लागले तिथल्या माणसाने गल्ल्यावरून न उठताच निकाल दिला: "फेकून द्या. दोन्ही टाका. ट्यूबा पण टाका." त्याचे चूक असेलच असे नाही, पण टायरला हात न लावता टायरचे निदान करणारा माणूस आम्हांला पटला नाही. नाडी न पाहता औषध लिहिणाऱ्या डॉक्टरसारखे ते झाले. आम्ही पुढे गेलो.

दुसरे दुकान एका गल्लीच्या तोंडाशी. दुकान म्हणजे पत्र्याचा आडोसा, दोन जुने टायर खांबाला टांगलेले, पाण्याने भरलेले घमेले, पंप आणि एक बाकडे. साठी उलटलेले काका, हाताच्या रेघांत ग्रीस कायमचे बसलेले. आधी दोन गिऱ्हाईके होती. त्यांचे झाल्यावर त्यांनी आमची सायकल उलटी केली, चाक फिरवले आणि डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त पाहिले.

टायरला काय काय असते हे त्यांनी भाचीला चिरेत नख घालून दाखवले. वरती रबर. रबराच्या आत दोऱ्याचे थर, एकमेकांवर तिरके टाकलेले. हवेचा दाब सोसतो तो हा दोरा. रबर फक्त त्याला झिजू देत नाही आणि पाणी लागू देत नाही. आणि दोन्ही काठांना आत बसवलेल्या दोन तारा, त्या टायरला रिमवर धरून ठेवतात. "रबर गेलं तर चालतंय," काका म्हणाले, "दोरा गेला तर बघावं लागतंय, आणि तार गेली तर बघायचं सुद्धा न्हाई."

मग हा टायर कुठल्या वर्गातला? बाभळीचा काटा घुसला तर टायरला काही होत नसते, भोक ट्यूबला पडते. तिथे टायर बदलायला सांगणारा माणूस चोर समजावा. फक्त काटा टायरमधून काढल्याशिवाय ट्यूब परत घालू नये. घाईने पंक्चर काढून घेतात, मोडका काटा आतच राहतो आणि घरी पोहोचेपर्यंत पुन्हा हवा गेलेली असते. मग लोक सोल्युशनला नावे ठेवतात. काका जुन्या धोतराची चिंधी टायरच्या आतून फिरवतात. काटा असला की चिंधी अडकते, बोट फाटत नाही.

जमिनीला टेकतो त्या भागाला काच किंवा खडी लागून लहान चीर पडली असेल तर गेटर. गेटर म्हणजे जुन्या टायरचा वीतभर तुकडा, चिरेच्या आतून टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये बसवायचा. हवा भरली की ट्यूबच त्याला दाबून धरते. त्याच्या कडा मात्र पातेऱ्याने तासून पातळ कराव्या लागतात, नाहीतर गेटरचीच कड ट्यूबला कापते. आमच्या लहानपणी टायर आधी मोच्याकडून दोऱ्याने शिवून घेत आणि मग आत गेटर टाकत. चाक फिरले की तेवढी एक जागा टुकटुक करी. अंधारात बाप घरी येतोय हे आम्हांला त्या टुकटुकीवरून कळे.

कडेची चीर मात्र वेगळी. तिथे रबर मुळात पातळ असते आणि चाक जमिनीला टेकले की टायर वाकतो तो नेमका तिथे. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला ती चीर एकदा उघडणार आणि एकदा मिटणार. भाचीने तिथल्या तिथे हिशेब केला. २६ इंची चाकाचा एक फेरा साधारण दोन मीटरचा. सहा किलोमीटरला जवळजवळ तीन हजार फेरे, जाऊन येऊन सहा हजार. एका दिवसात ती चीर सहा हजार वेळा उघडझाप करणार. आणि दोरा आधीच तुटलेला. काकांनी चीर दोन बोटांनी ताणली. टोकाचे आणखी दोन दोरे आमच्यादेखत सुटले.

"तरीबी गेटर टाकून देतो म्हणलात तर टाकीन," काका म्हणाले. "पन्नास रुपयं. रानात जाणारा गडी असता, हळू जाणारा, तर मागच्या चाकाला टाकून उन्हाळ्यापर्यंत ढकलला असता. पण ही पोरगी बसणार, आणि रस्ता हा असा. तुमी विचार करा. तवर मी ट्यूब बघतो. तासाभरानं या."

विचार करायला तास मिळाला म्हणून आम्ही मामा-भाची महाद्वाराकडे निघालो.

देवळात जायचे नव्हते. पाहायची होती ती चोखोबांची समाधी. ती नामदेव पायरीसमोर, देवळाच्या बाहेर आहे. लोक बुक्का लावतात आणि आत जातात. भाचीने विचारले, हे बाहेरच का? तिला सांगितले. चोखामेळा मंगळवेढ्याचे, म्हणजे आपण ज्या रस्त्याने आलो त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचे. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू होते. भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या. ज्या गावकुसाच्या आत आपल्या माणसाला घर नाही त्या कुसाची डागडुजी आपल्याच माणसाने करायची आणि ती करताना मरायचे. सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा, हे सगळे कुटुंब अभंग रचणारे, आणि पायरीच्या पलीकडे एकालाही प्रवेश नव्हता. १९४८ साली बाबासाहेबांचा अस्पृश्यांच्या मुळाविषयीचा ग्रंथ निघाला तो त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. देवळाने ज्यांना बाहेर ठेवले त्यांची नावे अशी ग्रंथाच्या पहिल्या पानावर गेली.

परत येताना तनपुरे महाराजांच्या मठाचाही विषय निघाला. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी तिथे प्राणांतिक उपोषण सुरू केले, विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून. त्या काळचा शब्द तोच. मंदिर खुले झाले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क पुरते संपायला मात्र जानेवारी २०१४ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. तोवर आपले लोक नागपूरच्या दीक्षाभूमीवरून कधीच पुढे निघून गेले होते.

दुकानापाशी आलो तेव्हा बाकड्यावर एक वयस्क गृहस्थ बसले होते. फ्रीव्हील गुरगुरतेय म्हणून सायकल घेऊन आले होते. बोलण्या-बोलण्यातून जयभीम झाला. भाचीने समाधीचे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी भला माणूस. पण ते ठिगळ होतं. बाबासाहेबांनी टायरच बदलला." हवा भरायला आलेला एक वारकरी तिथेच होता, तो हसून म्हणाला, "आजोबा, ठिगळ लागलं म्हणून तर माझी आजी आत जाऊन आली. तिला विचारा त्या दिवसाचं मोल." आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तेही खरंच म्हणा. पण आत जाऊन बाहेर आली ती कुठल्या वस्तीत राहायला?" त्यावर वारकऱ्याने उत्तर दिले नाही, आणि काकांनी दोघांच्याही हातात चहा दिला. उपमा ओढूनताणून वाटेल, पण बाकड्यावरच्या गप्पांत अशाच उपमा निघतात. आमचे मत विचाराल तर आम्ही आजोबांच्या बाजूचे. तरीही त्या आजीचे मोल कमी करायला आमची जीभ रेटत नाही.

इकडे ट्यूबचे काम झाले होते. पाण्यात बुडवून पाहिली तर चिरेपाशी एक बारीक बुडबुडा आणि दुसरीकडे जुन्या काट्याचा एक. काकांनी दोन्ही जागा कानशीने खरवडल्या, सोल्युशन लावले आणि हात बाजूला घेऊन बसले. इथेच बहुतेकांची चूक होते. सोल्युशन ओले असताना पट्टी चिकटवली तर उन्हात तापली की ती सुटते. बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे, मग पट्टी ठेवून दाबायची. घरी पंक्चर काढणाऱ्या मुलांनी एवढे लक्षात ठेवावे. ट्यूब ठीक होती. ती बदलायची गरज नव्हती. पहिल्या दुकानाचे म्हणणे ऐकले असते तर दोन चांगल्या ट्यूबा फुकट गेल्या असत्या.

मागचा टायर काकांनी वाकवून पाहिला. नक्षी पुसली होती, खरोखर गोटा झाला होता, पण दोरा कुठे दिसत नव्हता, कडेला भेगा नव्हत्या. सायकलवर बसणाऱ्याचा जास्त भार मागच्या चाकावर येतो आणि पायडलची ओढही त्यालाच, म्हणून मागचा आधी झिजतो. तो पावसाळ्यापर्यंत चालेल, असे ते म्हणाले. पावसात काळ्या मातीच्या चिखलावर गोटा टायर घसरतो, तेव्हा मात्र बदला.

म्हणजे प्रश्न उरला तो एका टायरचा. पन्नासाचा गेटर की तीनशे वीसचा नवा? आम्ही खरे सांगतो, आम्हीही क्षणभर गेटरकडे झुकलो होतो. बहिणीच्या घरात अडीचशे-पावणेतीनशे रुपये म्हणजे काय ते आम्हांला माहीत होते. दाजींनीही निघताना पन्नासच हातावर ठेवले होते. पण काकांनी एक गोष्ट सांगितली. मागचा टायर फुटला तर सायकल जड होते, माणूस उतरून जातो. पुढचा फुटला तर हँडल हातात राहत नाही. आणि पुढच्याच वेळी नेमका मागून भरलेला ट्रॅक्टर असतो की नाही, हे कुणी सांगावे.

तेव्हा आम्हांला चाळीसगाव आठवले. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत ते लिहिले आहे. २३ ऑक्टोबर १९२९. स्टेशनवरून आपल्या वस्तीत त्यांना टांग्यातून न्यायचे होते. टांगेवाला अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला तयार होईना. वस्तीच्या लोकांना साहेबांनी पायी चालत यावे हे बरे वाटेना. म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि वस्तीतल्याच एकाने, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता त्याने, लगाम धरला. नदीच्या फरशीवर चाक दगडात अडकले. साहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला, घोडा आणि टांगा खाली नदीत गेले. लोकांनी मान राखायला पाहिला आणि बसणाऱ्याच्या जिवाचा विचार मागे पडला, असे त्यांनी पुढे लिहिले, तेही त्या लोकांवर न चिडता. आम्ही मान नव्हे, पैसे राखायला निघालो होतो. चाक मात्र तसेच, आणि त्यावर पोर बसणार होती, तिच्या पाठीमागे आणखी एक.

"काका, नवा टाका," आम्ही म्हणालो.

नवा घेतानाही एक फसगत टळली. काकांनी आधी जुन्या टायरच्या कडेवरचे आकडे पुसून वाचले, २६ × १ ३/८. बाजारात २६ × १.७५ असाही टायर मिळतो. दोन्हींवर २६ लिहिलेले म्हणून माणूस सरळ घेऊन येतो, पण त्यांचे रिम वेगळे, एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. गावाकडून कुणाला टायर आणायला सांगाल तर कागदावर पूर्ण आकडा लिहून द्या. कडेवर हवा किती भरायची तेही लिहिलेले असते, ते सहसा कुणी वाचत नाही. हवा कमी ठेवून चालवली की कडेला भेगा लवकर पडतात आणि खड्ड्यात रिम टेकून ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोके पडतात. सायकल दिवसभर उन्हात टाकली तरी रबर वाळते. शाळेत झाडाखाली लावत जा, असे काकांनी पोरीला बजावले.

चिरलेला टायर काकांनी टाकला नाही. त्याच्या धडक्या भागाचे चार तुकडे कापून खांबाच्या खिळ्याला लावले, पुढच्या कुणाच्या गेटरसाठी, आणि त्याचे वीस रुपये आमच्या बिलातून वजा केले. रबराची अशी किंमत ठेवणारी माणसे आता कमी. हे रबर काही सुखासुखी आलेले नाही. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या पोराच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला आणि जगाला सायकलचे वेड लागले. मग रबराची मागणी एवढी वाढली की आफ्रिकेत काँगोमध्ये बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या माणसांनी खेड्याखेड्यांवर रबराचा वसूल बसवला. तो पुरा न करणाऱ्या गावांत माणसे मारली, हात तोडले. १९०८ पर्यंत ते राज्य चालले. वेठबिगार काय असते हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. टायर जुना झाला की होळीत किंवा मोर्च्यात पेटवून देण्याची जी पद्धत पडली आहे ती आम्हांला म्हणूनही आवडत नाही, आणि त्याचा धूर जातो तो आपल्याच वस्तीतल्या पोरांच्या छातीत.

टायर, दोन पंक्चरे, मजुरी, वजा वीस, सगळे मिळून तीनशे ऐंशी झाले. दाजींचे पन्नास धरून आम्ही दिले. घरी आल्यावर बहिणीने आकडा विचारला. आम्ही सांगायचे टाळले. तिने भाचीकडून काढून घेतला. "दादा, शनिवारी दोन-दोन करून परत देईन. फुकट नको." आम्ही नको म्हणणार होतो. हिने आमच्याकडे पाहिले आणि आम्ही "बरं" म्हणालो. दाजींनी नवा टायर अंगठ्याने दाबून पाहिला, दोनदा पाहिला, आणि म्हणाले, "गेटर बी चालला असता." मग बाहेर जाऊन त्यांनीच चाकाच्या नटांना पान्हा लावून पुन्हा एकदा घट्ट केले.

सोमवारी पहाटे उजाडायच्या आत घरात हालचाल झाली. भाची उठली होती. कंदिलाएवढ्या उजेडात ती सायकलपाशी उकिडवी बसून जुन्या फडक्याने दोन्ही टायर पुशीत होती आणि मधूनमधून बोट फिरवून काटे पाहत होती. धाकटा डोळे चोळत कॅरिअरवर बसला. ओट्यावर आम्ही उभे होतो. ती म्हणाली, "मामा, येते. आज पहिल्या तासाला पोचते का बघा," आणि उसाच्या कडेकडेने निघाली.